दीड बोंडाचा हिशेब

अर्धा मिलिमीटर. गुलाबी बोंडअळीचं अंडं एवढंच लांब असतं, आणि रुंदीला त्याच्या निम्मं. एका मादीने घातलेली दीडशे अंडी एकापुढे एक मांडली, तर रांग होईल साडेसात सेंटिमीटरची. बोटभर. प्रत्यक्षात मादी ती रांगेत घालत नाही. रात्रीच्या अंधारात पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांच्या देठापाशी विखरून घालते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, काही तासांत बोंडात शिरते, आणि तिने पाडलेलं छिद्र मागाहून बुजून जातं. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. बांधावर उभ्या माणसाला काहीच दिसत नाही. म्हणून ही गोष्ट आकड्यांनीच सांगावी लागते.

तळेगाव म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला दाभाडे आठवतात किंवा ढमढेरे, विदर्भात कुणी दशासर म्हणेल. हे तळेगाव श्यामजी पंतांचं. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर. इथून एक रस्ता आर्वीकडे जातो, एक आष्टीकडे. संत्र्याचा पट्टा जवळच आहे. संत्र्यावरच्या कोळशीचाही असाच मोठा हिशेब मांडता येईल, पण आज फक्त पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या पिकाचा. कारण दिवाळीच्या आगेमागे या भागात जो पैसा हातोहात फिरतो, त्याला कापसाचाच वास असतो. शेतकऱ्याला चुकारा मिळाला की कृषी केंद्राची उधारी फिटते, किराणा दुकानातली वही पुसली जाते, कपडे शिवायला पडतात, ट्रॅक्टरचा हप्ता जातो, टपरीवर चहा वाढतो. या साखळीतल्या निम्म्या माणसांनी बोंडअळी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते.

आधी बोंडं मोजू. चार फूट बाय दीड फुटावर लावण केली तर एका झाडाच्या वाट्याला सहा चौरस फूट जमीन येते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, म्हणजे ७,२६० झाडं. चांगल्या झाडाला तीस बोंडं धरा. एका एकरात झाली २,१७,८०० बोंडं. २०११च्या जनगणनेत अख्ख्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या होती १३,००,७७४. सहा एकर पऱ्हाटीवर लागतात १३,०६,८०० बोंडं. म्हणजे सहा एकरांचा एक लहानसा तुकडा, बैलजोडीवाल्या माणसाचा, आणि त्यावर जिल्ह्यातल्या माणसागणिक एक बोंड. तळेगावच्या पंचक्रोशीत समजा हजार एकर पऱ्हाटी उभी आहे, तर बोंडं होतात २१ कोटी ७८ लाख. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. तिच्या जवळपास दुप्पट.

आता हे सगळं कुणाच्या तरी बोटांनी वेचायचं आहे. एका फुटलेल्या बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. चपळ बाई दिवसाला चाळीस किलो वेचते, म्हणजे दहा हजार बोंडं. आठ तास मधे न थांबता हात चालवला, तर दर तीन सेकंदांना एक बोंड रिकामं होतं. कमरेला ओटी बांधलेली, ऊन डोक्यावर, आणि बोंडाच्या वाळलेल्या टरफलांची टोकं नखांशेजारी टोचत असतात. या वेगावर तिची मजुरी ठरते, कारण वेचणीचा पैसा दिवसावर मिळत नाही, किलोवर मिळतो. अळीने पोखरलेलं बोंड नीट फुटत नाही. चार-पाच कप्प्यांपैकी एखाद-दुसराच उमलतो, बाकीचे घट्ट चिकटून राहतात आणि कापूस नखाने खरवडून काढावा लागतो. तीन सेकंदांचे सहा झाले की चाळीस किलोंचे वीस होतात. दिवस तेवढाच, मेहनत जास्त, मजुरी निम्मी. बोंडअळीचं पहिलं नुकसान ज्या बाईच्या पदरात पडतं, तिच्या नावावर बहुतेक वेळा गुंठाभरही जमीन नसते.

वेचलेला कापूस जिनिंगमध्ये येतो. तिथे रेच्यांवर रुई आणि सरकी वेगळी होते. क्विंटलभर कापसातून चौतीसेक किलो रुई निघते, रुईची एक गाठ १७० किलोंची. म्हणजे गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो, आणि पाच क्विंटल म्हणजे सव्वा लाख बोंडं. दिवसाला शंभर गाठी बांधणारं जिनिंग रोज सव्वा कोटी बोंडं खातं. असे शंभर दिवस चाललं की हंगामाची १२५ कोटी. २०११मध्ये भारतात १२१ कोटी माणसं मोजली गेली होती.

या एका जिनिंगची भूक भागवायला आपल्या हिशेबाने पावणेसहा हजार एकर पऱ्हाटी लागते. अळीने त्यातला चौथा हिस्सा नेला, तर शंभरातले पंचवीस दिवस रेचे थांबतात. पण कर्जाचं व्याज थांबत नाही, विजेच्या बिलातला स्थिर आकार थांबत नाही, चौकीदाराचा पगार थांबत नाही. थांबते ती हमालाची हजेरी. आणि जो कापूस येतो तोही पहिल्यासारखा नसतो. रुई पिवळट, डागाळलेली, धागा आखूड आणि कमजोर. ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन फोडतो आणि भाव खाली येतो. सरकी आतून पोखरलेली, त्यामुळे तेल कमी. तेलघाणीवाल्याचं नुकसान तिथून सुरू होतं.

एवढं सगळं करणारा जीव वाढतो कसा, त्याचा हिशेब याहून चक्रावणारा आहे.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा उबदार हवेत साधारण महिन्याचा. पऱ्हाटीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या होऊ शकतात. दीडशे अंड्यांतली निम्मी माद्या निघतात असं धरू. सगळी जगली, तर एका मादीच्या पाचव्या पिढीची अंडी होतील ४७४ कोटी. अर्थात सगळी जगत नाहीत. ऊन, पाऊस, मित्रकीटक, फवारणी, कोळी, पाखरं, सगळे मिळून बहुतेकांना मारतात. पण किती मारावी लागतात? दीडशेपैकी १४८ मेली, एक नर आणि एक मादी उरली, तर किडीची संख्या होती तिथेच राहते. शंभरातल्या नव्याण्णवांच्या जवळपास मारल्यावर आपण फक्त बरोबरीत सुटतो. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पुन्हा तपासून पाहिला. शेतकरी जेव्हा सांगतो की दोन फवारे मारले, ढीगभर मेल्या, तरी बोंडं गेली, तेव्हा तो अगदी खरं सांगत असतो.

आता शंभरातली ९५ मेली असं धरा. ऐकायला भरघोस यश. एका मादीमागे पावणेचार माद्या उरतात, आणि पाच पिढ्यांनी त्या होतात ७४१. शंभरातली ९० मेली तर? एका मादीमागे साडेसात उरतात आणि पाच पिढ्यांनी होतात २३,७३०. मारण्यात फरक फक्त पाच टक्क्यांचा, पण हंगामाच्या शेवटी संख्या बत्तीसपट. कारण दर पिढीला वाचणाऱ्यांची संख्या दुप्पट आहे आणि एकाला दोनाने पाचदा गुणलं की बत्तीस होतात. ऑगस्टमधली एक रात्र चुकली तर नोव्हेंबरमध्ये तिची किंमत कळते. म्हणूनच डोमकळीला एवढं महत्त्व. अळी फुलात असली की पाकळ्या आतून रेशमाने जखडते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. ऑगस्टच्या मध्यात अशी एक डोमकळी तोडून चुरडली आणि आतली अळी मादी असली, तर साडेसातच्या हिशेबाने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या ४२२ माद्या त्या एका चुरडण्यात गेल्या. या कामाला औषध लागत नाही, पंप लागत नाही. सकाळी शेतातून चक्कर मारणारा माणूस लागतो.

या जीवाची पहिली नोंद आपल्याकडचीच. १८४२मध्ये भडोचच्या कापसात सापडलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून गेलेल्या कापसासोबत तो इजिप्तला पोहोचला. इजिप्तच्या बियाण्यातून १९११च्या सुमारास मेक्सिकोत. मेक्सिकोची सरकी टेक्ससमधल्या तेलगिरण्यांनी मागवली, आणि १९१७मध्ये हर्न या गावाजवळच्या कापसात अळी सापडली. नर्मदाकाठच्या भडोचपासून टेक्ससपर्यंतच्या या प्रवासात पतंगाच्या पंखांचं श्रेय थोडंच. पंख पसरून तो जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याला समुद्रापार नेलं ते व्यापाराने, पोत्यांनी, जहाजांनी. सरकीच्या आत अळी झोपी जाते. दोन दाणे रेशमाने एकमेकांना चिकटवते आणि मधल्या पोकळीत पडून राहते. काही महिने तर सहज, क्वचित दोन वर्षांपर्यंतसुद्धा. ज्या धंद्याला ती बुडवते, त्याच धंद्याच्या गोदामात तिचा उन्हाळा निघतो. हे कळल्यावर इजिप्तने सरकी गरम हवेत तापवूनच जिनिंगबाहेर सोडण्याची सक्ती केली होती.

आपल्याकडे २००२मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीसाठी विषारी प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली. २००६मध्ये दोन विषारी प्रथिनांचं बीजी-टू आलं. काही वर्षं बोंडअळी हा शब्दच लोक विसरले. मग २०१०मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांतली गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही. बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साधं बियाणं असायचं. कडेने ते पेरायचं, तिथे साध्या अळ्या वाढू द्यायच्या, म्हणजे शेतात कुठे एखादा विष पचवणारा पतंग निघालाच तर त्याला जोडीदार साधाच मिळेल आणि पुढची पिढी पुन्हा मरणारी निघेल, असा तो विचार. बहुतेकांनी ती लहान पुडी पेरली नाही. मला त्यांना दोष देणं जमत नाही. पाच एकरांच्या धन्याला एक एकर अळीच्या जेवणासाठी ठेवा म्हणायचं, आणि त्यामागचं गणित कधी बसून समजावायचं नाही, ही चूक सांगणाऱ्यांची जास्त. २०२०पासून साधं बियाणं त्याच पाकिटात मिसळून देऊ लागले; ४७५ ग्रॅमच्या पुडीत किमान पाच टक्के. तोवर उशीर झाला होता.

२०१७ आलं. महाराष्ट्रात सुमारे ४२ लाख हेक्टरांवर पऱ्हाटी होती. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला लोकांनी बोंडं फोडली आणि आत गुलाबी अळ्या दिसल्या. उभ्या पिकात गुरं सोडली, कुणी नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी राज्यभर नेमकं किती नुकसान झालं यावर वाद होत राहिले. मी एक साधाच हिशेब करतो. हेक्टरी फक्त एक क्विंटल कापूस कमी आला असं धरा. एक क्विंटल म्हणजे पंचवीस हजार बोंडं, हेक्टरी झाडं अठरा हजारांच्या आसपास. झाडामागे दीड बोंडसुद्धा नाही. तीस बोंडांच्या झाडावरचं दीड बोंड कुणी मोजत नाही. पण ४२ लाख हेक्टरांवर ते होतात ४२ लाख क्विंटल, म्हणजे ८ लाख ४० हजार गाठी. त्या वर्षीचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ४,३२० रुपये होता. १,८१४ कोटी रुपये. झाडामागच्या दीड बोंडाचे. आणि त्या वर्षी अनेकांच्या झाडावर दीड बोंड गेलं नव्हतं, दीड बोंड उरलं होतं.

डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात मदतीची घोषणा झाली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. कोरडवाहूची रक्कम म्हणजे हमीभावाने सात क्विंटल कापूस. शेतकऱ्याच्या हाती किती आलं, कधी आलं, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण निदान त्याच्याकडे सातबारा होता, पंचनामा करायला कुणी तरी येणार होतं. हमालाला हेक्टर नसतो. वेचणाऱ्या बाईला नसतो, मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला नसतो, चहाच्या टपरीला नसतो. त्यांचं नुकसान मोजायला तक्ताच नाही.

ते नुकसान थोडं मोजून पाहू. आपल्या मानलेल्या हजार एकरांतून ८,७१२ क्विंटल कापूस यायचा. चौथा हिस्सा अळीने नेला: २,१७८ क्विंटल. २०२५-२६च्या ८,११० रुपये हमीभावाने १ कोटी ७६ लाख रुपये गावात आलेच नाहीत. वेचणीला किलोमागे दहा रुपये धरले तर २१ लाख ७८ हजारांची मजुरी गेली. ही रक्कम बायकांच्या हातात पडते आणि सहसा आठवड्याच्या बाजारातच खर्च होते, तेल-तिखटावर, मुलांच्या वह्यांवर. दिवसांत सांगायचं तर वीस बायांच्या टोळीला २७२ दिवस पुरलं असतं एवढं काम. ४३५ गाठी बांधल्या गेल्या नाहीत, तेवढी ट्रकभाडी मिळाली नाहीत, सरकीची ढेप कमी म्हणून जनावरांच्या खुराकाचा भाव चढला तर तो दूधवाल्याने सोसायचा. कृषी केंद्रवाल्याचा हिशेब तर दोन्हीकडून: औषध जास्त खपलं, पण उधारीवर, आणि उधारी वसूल होण्याचा दिवसच आला नाही.

अमेरिकेने मात्र १९१७ला शिरलेली ही अळी २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. १०१ वर्षं लागली. बीटी कापूस, मादीच्या गंधाने नरांना गोंधळवणं, हंगाम संपताच पऱ्हाटी मोडून नांगरणं, आणि शेवटचा घाव म्हणून फिनिक्सच्या केंद्रात वाढवून वंध्य केलेले पतंग विमानातून शेतांवर सोडणं. किती? अब्जावधी. त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असायचा, म्हणजे सापळ्यात सापडला की आपला कोणता आणि रानातला कोणता हे ओळखता यावं. आपल्याला विमानं परवडायची नाहीत. पण त्यातली स्वस्त कामं जशीच्या तशी आपल्याला उचलता येतात. डिसेंबरनंतर फरदड ठेवायची नाही, म्हणजे त्याच झाडांवर पुढचा बहार घ्यायचा नाही. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवायची नाही. पेरणी जूनच्या आधी करायची नाही. शासनाने काही वर्षं १ जूनपूर्वी कापूस बियाण्याच्या विक्रीवर बंदी घातली होती ती यासाठीच. पहिल्या पावसाने जागा झालेला पतंग आठवडा-दोन आठवडे जगतो, आणि पऱ्हाटीला पाती धरायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. तेवढ्या अंतरात त्याला अंडी घालायला जागा मिळाली नाही तर तो वंश न ठेवता मरतो. शेतात कामगंध सापळे लावायचे, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग दिसले की उपाय सुरू. एकराला तीन ट्रायकोकार्डं, एका कार्डावर वीसेक हजार परोपजीवी माश्या, प्रत्येक माशी बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालणारी. साठ हजारांची ही फौज एका पाकिटात मावते.

आणि जिनिंगचं आवार. जिनिंगच्या आसपासच्या शेतांत बोंडअळी आधी दिसते, हे कापूस संशोधन करणारे कित्येक वर्षं सांगत आले आहेत. आवारात कापसाचे ढीग, कोपऱ्यात कचरा, रात्री दिव्यांचा उजेड. तिथे सापळे लावणं आणि हंगाम संपताच कचरा नष्ट करणं हा मला जिनिंगवाल्याने शेतकऱ्यावर केलेला उपकार वाटत नाही. पुढच्या वर्षीच्या त्याच्या पंचवीस दिवसांचा तो विमा आहे.

सरकीचे शंभर दाणे साधारण दहा ग्रॅम भरतात. किलोत दहा हजार, साठ किलोंच्या पोत्यात सहा लाख. दहा हजारांत एकाच दाण्यात झोपलेली अळी आहे असं धरा. पोत्यात साठ अळ्या. दहा टनांच्या ट्रकमध्ये दहा कोटी दाणे, दहा हजार अळ्या, पाच हजार भावी माद्या. मे महिन्यात ताडपत्री ताणलेला असा ट्रक महामार्गाला लागतो. तेलघाणीत पोहोचलेला प्रत्येक दाणा भरडला जातो, आतल्या अळीसकट. जो दाणा आवारात सांडला, भिंतीकडेच्या कचऱ्यात राहिला, फाटक्या पोत्याच्या शिवणीत अडकला, तो पावसाची वाट पाहतो. तो झाडून, गोळा करून जाळायला चार माणसांना दोन दिवस लागतात.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं.